पितृपक्षातला दसरा

रुपरावाचे पुढचे दोन दात नकली होते. खरे दात कुणी पाडले हे खापरखेडा रस्त्यावरच्या प्रत्येक ट्रकवाल्याला ठाऊक होतं. सख्ख्या धाकट्या भावानं, मारोतरावानं, वाटणीच्या दिवशी, भर अंगणात, पितळी लोट्यानं. त्यानंतर आठ दिवसांनी मारोतरावाची उभी गाडी पेटली. ती कुणी पेटवली हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पोलिसांना तेवढं ठाऊक नव्हतं, आणि दोन्ही भावांनी ते त्यांना कळू दिलं नाही. घरचं घरातच मिटवायचं, असा त्या घराचा दंडक होता. मग सक्करदऱ्याच्या त्या घरात मधोमध भिंत उभी राहिली आणि दोघं भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले.

दोघांना बांधून ठेवणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे यादी. कोळशाच्या सायडिंगवर, म्हणजे मालगाडी रिकामी होते त्या रेल्वेफाट्यावर, चौपन्न ट्रक लागत. आधी कोण भरणार, नंतर कोण, हे नंबरावर चाले. मालकांपैकी निम्मे रुपरावाचे, निम्मे मारोतरावाचे, आणि प्रत्येकाच्या सीटखाली टामी. टामी म्हणजे चाकाचे नट खोलायचा हातभर लोखंडी दांडा. पण या लोकांच्या टामीनं नटांपेक्षा डोकीच जास्त खोलली असतील. म्हणून मालकांच्या संघानं ठराव केला की यादी दोन ठिकाणी राहील, थोरल्याच्या घरी आणि धाकट्याजवळ सायडिंगवर, आणि रोज संध्याकाळी दोन्ही याद्या अक्षराला अक्षर जुळल्या पाहिजेत. जुळवणारा माणूस दोघांना चालेल असा हवा होता. असा एकच निघाला. महाल वस्तीतला हिशेबनीस मधुसूदन. तो दोघांनाही सारखाच नावडता होता.

मधुसूदनाला याचं वाईट वाटत नसे. आपल्याला कोण किती मानतो याचा त्याच्या मनात पक्का हिशेब असे. रुपराव त्याला पाणी विचारी पण खुर्ची देत नसे. मारोतराव खुर्ची देई पण ‘मुनीमजी’ असं म्हणे की त्यात शिवीच ऐकू यावी. एकूण बेरीज सारखी. दोन्ही रजिस्टरं सायकलच्या कॅरिअरला बांधून तो हातानं जुळवी. एकदा चारचा सहा झाला. त्या दोन आकड्यांच्या फरकापायी एका क्लीनरचा अर्धा कान गेला, आणि संघाला कॉम्प्युटर घ्यायची बुद्धी झाली.

हे साल एकोणनव्वदचं. थोरलं मशीन रुपरावाच्या बैठकीत आलं. वर टीव्हीसारखी काच, खाली जड डबा, शेजारी करकर करत कागद ओकणारा छापखाना. धाकटं मशीन मारोतरावाचं. मुंबईहून आणलेलं, झाकणाचं, मांडीवर घेऊन बसता येईल असं. ते रोज सकाळी जीपमधून सायडिंगवर जाई आणि संध्याकाळी घरी परत येई. आता दोघांची यादी जुळवायची कशी? फ्लॉपीच्या तबकडीवर घालून नेता आली असती. पण रुपराव म्हणाला, “त्याच्या हातची वस्तू माह्या उंबऱ्याच्या आत येणार नाही.”

“वायर चालेल का?” मधुसूदनानं विचारलं.

रुपरावानं मधल्या भिंतीकडं पाहिलं. “वायरले हात नसतात,” तो म्हणाला. “चालते.”

मग भिंतीला बोटभर भोक पडलं. इकडून रुपरावाच्या शोभाताईनं वायर ढकलली, “ओढ वं इंदू!” तिकडून मारोतरावाच्या इंदुताईनं ओढली. भाऊ बोलत नव्हते, जावांना बोलायला कुणी बंदी घातली नव्हती. वायर गेली त्याच भोकातून पुढं हळदीकुंकवाची पुडी पण जाऊ लागली.

वायरीचं काम सोपं होतं. मशीनला सांगून ठेवलं होतं की दोन्हीकडची यादी पाहायची, जिच्यावरची तारीख नवी ती खरी, आणि तीच जुनीच्या जागी लिहायची. जुनी पुसली जाई. मधुसूदन एक बटण दाबी, काचेवर ‘एक फाईल उतरली’ असं येई, आणि तो सायकलवर टांग मारी.

अडचण आली ती मुहूर्ताची. धाकटं मशीन आलं ते पितृपक्षाच्या दुसऱ्या दिवशी.

“झाकण उघडू नको,” मारोतराव म्हणाला. “पितर जेवून राहिले अन् आपण नवं मशीन सुरू करतो का? दसऱ्याले उघडू.”

“दसरा तेवीस दिवस लांब आहे. तोवर यादी?”

“ते मले नको सांगू. पेटलेली गाडी मी पितृपक्षातच घेतली होती.”

मधुसूदनाला तेव्हा एक युक्ती सुचली, आणि आपल्याला ती सुचली याचा त्याला भारी अभिमान वाटला. “भाऊ, मशीनच्या पोटात घड्याळ असतं,” तो म्हणाला. “आपण सांगू ती तारीख ते मानतं. मी त्याला दसऱ्याची तारीख देतो. मशीनच्या लेखी आज दसरा. मग झालं?”

मारोतरावाला हे इतकं पटलं की त्यानं मशीनला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि मधुसूदनाला पहिल्यांदाच चहा पाजला. वर बजावलं, “आता ते मागं नेऊ नको. दसऱ्यावर बसलेलं मशीन पितरायमधी आणून टाकशीन तं पाय तोडीन.”

मधुसूदनाला पाय हवे होते. तारीख तशीच राहिली.

अकरा दिवस काही बिघडलं नाही. रोजचे फेरफार सायडिंगवरच होत, धाकट्यातून थोरल्यात उतरत. रुपराव काचेसमोर बसून नुसता पाही. “मी संघाचा अध्यक्ष हाओ का आरशातला माणूस?” तो कुरकुरे. त्याच्या हाती एकच अधिकार होता. दुरुस्तीला गेलेली गाडी परत आली की तिची नोंद अध्यक्षानं करायची. नियम असा की बिघडलेली गाडी एकवीस दिवसांच्या आत आली तर तिला थेट एक नंबर. एकविसावा दिवस भरायच्या आत कोळसा पडला नाही तर नंबर कायमचा खारीज, जागा दुसऱ्याला.

गाडी बिघडल्याच्या विसाव्या दिवशी दुपारी देवाजी आला. पारशिवनीकडचा, चाळिशीचा, एकाच गाडीचा मालक आणि तीच चालवणारा. इंजिन खोलून बसवून त्याची नखं काळी झाली होती. त्या दिवशी सायडिंगवर कोळशाची रॅक, म्हणजे मालगाडी, आलीच नव्हती, धाकट्या मशीनला कुणाचा हात लागला नव्हता. रुपरावाचा चेहरा खुलला.

“लिही मुनीमजी. देवाजी, एक नंबर. अन् छापून दे त्याले.”

मधुसूदनानं आपल्या हातानं नाव चढवलं. छापखान्यानं पट्टी काढली. देवाजीनं ती दोनदा वाचली, घडी घालून टोपीत ठेवली.

“उद्या भरली नाही तं मी संपलो, मुनीमजी,” तो म्हणाला. “माह्या जागेवर नत्थूजी डोळा ठेवून बसला हाय.”

“मशीनमध्ये गेलं म्हणजे दगडावर गेलं,” मधुसूदन म्हणाला. संध्याकाळी त्यानं वायर जोडली, बटण दाबलं, ‘एक फाईल उतरली’ वाचलं आणि घरी गेला. फाईल कुठून कुठं उतरली ते पाहिलं नाही. अकरा दिवस कोण पाहत होतं?

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावस्या. सायडिंगवर रॅक लागली होती. मारोतरावाची जीप पोचली तेव्हा भरायच्या जागेवर नत्थूजीची गाडी उभी होती आणि तिच्या बंपरला बंपर लावून देवाजीची. दोन्ही इंजिनं चालू होती. नत्थूजी मारोतरावाच्या गटातला, अंगानं आडवा, तोंडानं त्याहून आडवा.

“गाडी मागं घे,” देवाजी खालून ओरडत होता. “एक नंबर माहा हाय.”

“सपन पडलं का गा? इंजिनासोबत डोस्कं पण खोललं काय मेकॅनिकनं?”

मारोतरावानं वजनकाट्याच्या केबिनमध्ये मशीन मांडीवर घेतलं, झाकण उघडलं. रोजच्यासारखा सायडिंगवर आलेला मधुसूदन त्याच्या खांद्यामागून पाहत होता. एक, नत्थूजी. दोन, मार्तंड. तीन, दुसरंच कुणी. देवाजीचं नाव त्याच्या जुन्याच जागी, सगळ्यांच्या खाली, ‘दुरुस्तीत’.

मधुसूदनानं यादी खालून वर पुन्हा वाचली.

देवाजीनं टोपीतली पट्टी काढून मशीनवर आपटली. “हे वाच. तुह्या भावाच्या घरी छापलं.”

झालं. ‘तुह्या भावाच्या’ या दोन शब्दांनी मारोतरावाच्या कपाळाची शीर उभी राहिली. “नकली कागद,” तो म्हणाला. “मोठ्यानं नकली कागद काढला अन् तुले दिला. मशीनमधी नाही ते कागदावर कुठून येईन?”

“माह्यासमोर लिहिलं!”

“कोणं लिहिलं?”

इथं मधुसूदनानं बोलायला हवं होतं. ‘मी लिहिलं’, बस, दोन शब्द. पण त्यानं घाईघाईनं हिशेब मांडला. मी म्हटलं तर हा म्हणेल मी रुपरावाचा माणूस, नकली कागदात भागीदार. नाही म्हटलं तर निदान हा क्षण टळेल. असा तो मनातल्या मनात दोन्ही बाजू जुळवत राहिला, आणि देवाजीनं त्याच्याकडं पाहिलं, आणि त्यानं खाली पाहिलं.

देवाजी समजायचं ते समजला. वळला, नत्थूजीच्या केबिनचं दार उघडलं आणि त्याला कॉलर धरून खाली ओढलं. नत्थूजी तोंडावर पडला, उठला तो देवाजीच्या पोटात डोकं घालूनच. दोघं कोळशाच्या चुऱ्यात लोळले. देवाजी वर आला. त्यानं नत्थूजीचं डोकं दोनदा टायरवर आपटलं. तिसऱ्यांदा आपटायला हात उचलला तोवर मारोतरावानं जीपमधली टामी आणली होती. ती देवाजीच्या उजव्या मनगटावर बसली.

आवाज फार मोठा नव्हता. कपाशीची वाळकी पऱ्हाटी मोडावी तेवढाच. देवाजी ओरडलाही नाही. त्यानं आपला हात भलतीकडं वळलेला पाहिला आणि बसला.

मग लाइनीतली दारं एकामागून एक उघडली. रुपरावाच्या गटाचे उजव्या अंगानं आले, मारोतरावाचे डाव्या अंगानं. जॅकचे दांडे, साखळ्या, एकाच्या हातात पाना. काट्याच्या केबिनची काच पहिल्याच दगडात गेली. मार्तंडाच्या भुवईतून रक्त त्याच्या डोळ्यात उतरत होतं आणि तो आंधळ्यासारखा साखळी फिरवत होता. त्यातली निम्मी आपल्याच माणसांना लागली. कुणीतरी मोटरसायकल काढून सक्करदऱ्याकडं पळालं.

मधुसूदन टेबलाखाली होता, मशीन छातीशी धरून. धाडस म्हणून नव्हे. ते कवटाळलं तर आपल्याला कुणी मारणार नाही, असा त्याचा अंदाज होता आणि तो खरा निघाला. काचेवर यादी तशीच उघडी होती. तिच्या शेजारी तारीख होती. त्यानं ती वाचली, पुन्हा वाचली. परवा संध्याकाळची नोंद. तिच्यावर तारीख दसऱ्यानंतर दहा दिवसांची. आणि काल त्यानं रुपरावाकडं लिहिलेली यादी खऱ्या तारखेची, म्हणजे या मशीनच्या लेखी दसऱ्याच्याही आधीची. शिळी. वायरीनं सांगितलेलं काम चोख केलं होतं. काल लिहिलेला देवाजी परवाच्या यादीनं पुसून टाकला होता.

मधुसूदनानं टेबलाखालूनच बाहेर पाहिलं. बाहेर चाललेलं सगळं, मनगटासकट, त्यानं एका चहावर विकत घेतलं होतं.

तासाभरानं रुपरावाची अँबेसेडर धूळ उडवत आली. लोक थांबले, दम लागला होता आणि अध्यक्षासमोर भांडण मांडण्यात आणखी मजा होती. रुपराव उतरला आणि मागचं दार उघडलं. मागच्या सीटवर, चादरीत गुंडाळलेलं, थोरलं मशीन.

“मले खोटा म्हणता?” तो गरजला. “आणा वीज. सगळ्यायच्या डोळ्यांदेखत दाखवतो.”

घरून निघताना त्यानं ते लावून पाहिलं नव्हतं. स्वतःच्या डोळ्यांदेखत लिहिलेलं कोण परत पाहतो? केबिनमधल्या टेबलावर काच मांडली, वायर खुपसली, मशीन घरघरलं. चाळीसेक डोकी फुटक्या खिडकीतून आत आली. थोरलं मशीन आणि धाकटं मशीन पहिल्यांदाच एका टेबलावर आली, आणि त्यांच्यामागं दोन भाऊ, दोन वर्षांनी हाताच्या अंतरावर.

यादी उमटली. एक, नत्थूजी. दोन, मार्तंड. देवाजी दुरुस्तीत.

दोन्ही मशीनं अक्षराला अक्षर जुळत होती. संघाच्या ठरावाप्रमाणं याहून चांगलं काम होऊच शकत नव्हतं.

“सगळ्या गावाले दाखवलं,” मारोतराव हसला. “आता बोल, थोरल्या.”

रुपरावाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग काळा. “तू भिंत चढून आला,” तो हळू म्हणाला. “माह्या बैठकीत. माह्या मशीनले हात लावला.” आणि त्यानं भावाचा गळा धरला. म्हातारा होता, पण पंजा जुना हमालीतला. मारोतरावाचे डोळे मोठे झाले. त्याचा हात टेबलावर चाचपडत होता, आणि त्या हाताच्या वाटेत टामी पडली होती. या वेळी ती मनगटावर बसणार नव्हती.

मधुसूदनानं टामी टेबलावरून खाली ढकलली आणि तिच्यावर पाय दिला.

“मी केलं,” तो म्हणाला.

कुणी ऐकलं नाही. तो ओरडला, “ते मी केलं! काल देवाजीचं नाव मी लिहिलं आणि मीच पुसलं. रुपराव, गळा सोडा! कागद खरा आहे!”

पंजा ढिला झाला. मधुसूदन भरभर बोलला, कारण हळू बोलायला वेळ मिळेल असं त्याला वाटत नव्हतं. “हे धाकटं आलं तेव्हा पितृपक्ष होता. मी याच्यात दसऱ्याची तारीख घातली. आज याच्या लेखी दसरा होऊन बारा दिवस झाले, आठवड्यावर दिवाळी आहे. थोरल्यात अजून पितर जेवत आहेत. मग याचं लिहिलेलं कायम नवं, थोरल्याचं कायम जुनं. काल थोरल्यात लिहिलेलं यानं संध्याकाळीच खाल्लं. हे पाहा, तारीख. इथं पाहा.”

चाळीस डोकी तारखेकडं पाहू लागली.

“दसऱ्याचं कोणं सांगितलं होतं?” रुपराव म्हणाला.

मारोतराव गळा चोळत होता. त्यानं मधुसूदनाकडं पाहिलं. ते पाहणं मधुसूदनाला नीट कळलं. नाव घेशील तर पाय.

“युक्ती माझी,” मधुसूदन म्हणाला. “आणि सकाळी मारोतराव विचारत होते कोणं लिहिलं, तेव्हा गप्प बसलो, तेही माझंच.”

पहिली मारोतरावानं लगावली. कानाखाली, उलट्या हातानं. मधुसूदन टेबलावर गेला. रुपरावानं त्याला उचलून सरळ केलं आणि दुसरी दिली, पुढून, तोंडावर. ओठ फाटला. मग पुन्हा धाकटा, मग पुन्हा थोरला, पाळीपाळीनं, एकमेकांचा हात आडवा येणार नाही असं जपून. दोन वर्षांत भावांनी मिळून केलेलं हे पहिलं काम. पाचवीनंतर मधुसूदनानं मोजायचं सोडलं.

“पुरे झालं,” देवाजी दारातून म्हणाला.

त्याचा हात कुणीतरी गमछ्यानं छातीशी बांधला होता. बोटं वांग्याच्या रंगाची झाली होती. “त्याले मारून माही गाडी भरते काय? नंबर सांगा.”

रुपरावानं मारोतरावाकडं पाहिलं. मारोतरावानं जमिनीकडं. “एक,” दोघंही म्हणाले.

नत्थूजीनं थुंकून गाडी मागं घेतली. देवाजीची गाडी भरायच्या जागी न्यायची, तर न्यायला देवाजीला हात नव्हता. आणि एक नंबर भरल्याशिवाय दोन नंबर भरत नाही. सूर्य डोक्यावरून उतरत होता. एकविसावा दिवस संध्याकाळच्या भोंग्याला संपणार होता.

“कोणी तं चला रे,” रुपराव म्हणाला.

लाइनीतलं कुणी हललं नाही. नियम साधा होता. आपली पाळी आली आणि आपण सीटवर नसलो तर नंबर गेला. मघाशी एकमेकांची डोकी फोडायला सगळे खाली उतरले होते; आता एकेक करून सगळे आपापल्या सीटवर जाऊन बसले. मार्तंड तर एका डोळ्यावर फडकं दाबूनही बसला. रुपरावाला गाडी चालवता येत नव्हती, अँबेसेडरचा ड्रायव्हर ट्रकचा गिअर नुसता पाहूनच देवाचं नाव घेणाऱ्यातला. मधुसूदनाजवळ सायकलचा अनुभव होता.

ज्याची गाडी लाइनीत नव्हती आणि ज्याला ट्रक येत होता असा तिथं एकच माणूस होता.

“मी?” मारोतराव म्हणाला.

“हात तूच तोडला,” देवाजी म्हणाला. “आता हाताचं काम कर.”

मारोतराव चढला. देवाजी पलीकडून चढू लागला. चढताना वाकला आणि सीटखालची आपली टामी त्यानं डाव्या हातानं ओढून काढली. मांडीवर आडवी ठेवली.

“ते खाली ठेव गा.”

“तू गिअर पाह्य.”

“देवाजी, दवाखान्यात आधी चाललो असतो.”

“भोंगा झाला का मंग दवाखाना. क्लच पूर्ण दाब. नवं इंजिन हाय, तुह्या बापाचं नाही.”

गाडी झटका खाऊन पुढं गेली. कोळसा पडू लागला, आणि टोपल्यागणिक काळी धूळ उठून केबिन दिसेनाशी झाली. मधुसूदन फाटक्या ओठावर धोतराचं टोक दाबून दोन्ही मशीनं समोर घेऊन बसला. आधी त्यानं धाकट्याची तारीख मागं आणली. तसं करताना त्यानं सवयीनं मारोतरावाकडं पाहिलं, पण धुळीत मारोतराव दिसत नव्हता. मग दोन्हींत देवाजीचं नाव एक नंबरला चढवलं, पुढं ‘भरली’ लिहिलं, आणि वेळ टाकली. भोंग्याला अजून दोन तास होते.

भरलेली गाडी काट्यावर आली, वजन झालं, फाटक उघडलं. केबिनमध्ये मारोतराव दोन्ही हातांनी चाक धरून ताठ बसला होता, मान जरा डावीकडं वळवून, रस्ता कमी आणि टामी जास्त पाहत. देवाजी त्याला दर खड्ड्याला शिवी देत होता. ती फाटकापर्यंत ऐकू येत होती.

“धाकट्या भाऊले त्याच्यासंग एकट्याले जाऊ देऊ का?” अँबेसेडरच्या ड्रायव्हरनं रुपरावाला विचारलं. “माल उतरायची जागा अठ्ठावीस किलोमीटर हाय.”

रुपरावानं जिभेनं पुढचे दोन नकली दात चाचपले.

“गाडी काढ,” तो म्हणाला. “मागं मागं राहू दे. लई जवळ नको.”